कुकरखालचं फडकं

पृथ्वीच्या पोटात सातशे अंशांच्या वर तापलेल्या रसातून थिजत थिजत घट्ट झालेला आणि त्यानंतर सुमारे अडीचशे कोटी वर्षं डोक्यावर डोंगर घेऊन पडून राहिलेला दगड आपण चौरस फुटाच्या भावाने विकत घेतो. तो मिरर पॉलिश करून स्वयंपाकघरात बसवतो. आणि पहिल्याच दिवशी त्याच्यावर कुकर टेकवायची वेळ आली की आतल्या खोलीतून आवाज येतो, ‘अगं, खाली फडकं घाल!’ हे फडकं बहुधा जुन्या पंच्याचं असतं. पंच्याचं आयुष्य दोन-तीन उन्हाळ्यांचं, तापल्या तव्याखाली तो स्वतःच करपतो, आणि तरी दगडाच्या संरक्षणाची सगळी जबाबदारी त्याच्यावर. अंगरक्षकाची नेमणूक इतक्या उलट्या हिशेबाने दुसऱ्या कुठल्या खात्यात झालेली नसावी. निदान उघडपणे तरी नाही.

या फडक्याची चौकशी करायला तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं नेरडीगोंडा ही जागा सोयीची आहे. निर्मलचा घाट चढून हैदराबाद-नागपूर महामार्गाने आदिलाबादकडे निघालं की हे मंडलाचं गाव लागतं; कुंटाला धबधबा याच मंडलात आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघाले आणि पुढे महाराष्ट्राचे झाले, पण बरीच मराठी घरं हद्दीच्या अलीकडेच राहिली. त्यामुळे फडक्याची आज्ञा या जिल्ह्यात तेलुगूत निघते तशी मराठीतही निघते, आणि दोन्ही भाषांत तिच्यावर अपील नसतं. जिल्हा कापसाचा, म्हणजे फडक्याचा कच्चा माल घरचा. गोदावरी ओलांडली की करीमनगरचा मुलूख. तिथला काळ्यावर तपकिरी ठिपक्यांचा ‘टॅन ब्राऊन’ देशोदेशीच्या स्वयंपाकघरांत पोचलेला आहे, म्हणजे दगडही शेजारचाच. राहिली उष्णता. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हिवाळ्यातल्या पहाटे एक आकडी होतो. उघड्यावरचे खडक हे चढउतार कुठल्याही वस्त्राशिवाय सोसत आले आहेत. घरात आलेल्या दगडाला मात्र लगेच ऊन, वारा आणि वरणाची बाधा होते, असा आपला समज आहे.

आधी हिशेब करू, कारण ओट्याच्या बाबतीत रंग, चकाकी आणि शेजाऱ्यांचं मत हे सगळं पाहून होतं, हिशेब तेवढा राहतो. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतली वाफ १२० अंशांच्या आसपास असते. भज्यांचं तेल १७० ते १९० अंश. भाकरीचा तवा चांगला तापला की अडीचशेच्या घरात. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि थोडा अभ्रक अशी खनिजं असतात. त्यांतलं क्वार्ट्झ ५७३ अंशांना आपली आतली रचना बदलतं आणि फुगतं. दगडाची खरी दुर्दशा त्या सुमाराला होते. तव्याला तिथवर पोचायला आणखी तीनशे अंश हवेत, आणि तोवर भाकरीचा कोळसा होऊन घरातली माणसं अंगणात जमलेली असतील. शिवाय तव्याजवळ उष्णतेची पुंजी किती, हेही पाहावं. दीड किलोचा लोखंडी तवा २५० अंशांवरून उचलून ३० अंशांच्या ओट्यावर ठेवला, आणि त्याची सगळी उष्णता बरोबर त्याच्याखालच्या ३० सेंटिमीटर व्यासाच्या, १८ मिलिमीटर जाडीच्या तुकड्यातच गेली असं धरू. हवेत काही उडालं नाही, बाजूला काही पसरलं नाही, म्हणजे तव्याला शक्य तेवढी सवलत दिली. तरी तो तुकडा सरासरी ७५ अंशांच्या पुढे सरकत नाही. वरचा पातळ थर थोडा वेळ याहून जास्त तापेल, हे मान्य. पण ज्याचा जन्म सातशे अंशांच्या पलीकडे झाला, त्याला पंचाहत्तर अंशांसाठी पांघरूण घालणं हा लाड झाला.

यावर हरकत येते, आणि ती फालतू नाही. ‘दगड तापून तडकतो’ हे लोक उगाच म्हणत नाहीत. त्यांच्या बाजूने पुरावा इतका आहे, की तो त्यांनी स्वतः गोळा केला असता तर फडक्याऐवजी गादी घातली असती. ग्रॅनाइट कापण्याच्या कारखान्यात एका कोपऱ्यात ओट्यासाठी पॉलिश चालतं, आणि दुसऱ्या कोपऱ्यात तशाच दगडावर गॅसची प्रखर ज्योत फिरवून त्याचा वरचा थर मुद्दाम उडवतात. त्याला ‘फ्लेम फिनिश’ म्हणतात. पायऱ्यांवर पाय घसरू नये म्हणून तो खडबडीतपणा जास्त पैसे देऊन विकत घेतला जातो. १८७२च्या नोव्हेंबरात अमेरिकेतलं बॉस्टन शहर पेटलं, तेव्हा ज्या ग्रॅनाइटच्या दर्शनी भिंती अग्निरोधक म्हणून मिरवत होत्या त्यांचे पापुद्रे उडाले. १८९५ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात एच. वॉर्थ यांनी दक्षिण भारतातल्या ग्रॅनाइट खाणकामाचं वर्णन छापलं होतं. सुरुंग नाही, यंत्र नाही. कामगार खडकावर लाकडांचा जाळ करत, तो हळूहळू पुढे सरकवत, हातोड्याने ठोकून आवाजावरून चीर कुठवर गेली ते ओळखत, आणि एकसंध थरच्या थर सुटा करत. लाकडाच्या मोळ्या आणि चांगले कान, एवढ्या भांडवलावर ग्रॅनाइट हार मानत होता.

पण या सगळ्यांवर ताण म्हणजे वराहमिहिर. सहाव्या शतकात लिहिलेल्या ‘बृहत्संहिते’त जमिनीखालचं पाणी शोधण्यावर एक प्रकरण आहे, आणि विहीर खणताना मध्ये फुटेना असा खडक लागला तर काय करावं, याचे उपाय त्यात दिले आहेत. पहिला उपाय असा, की पळस आणि टेंभुर्णीची लाकडं पेटवून खडक आगीच्या रंगाचा होईपर्यंत तापवावा आणि त्यावर चुन्याचं पाणी शिंपावं. ही दोन्ही झाडं आदिलाबादच्या जंगलात हवी तेवढी आहेत. पळस तिथला वसंत रंगवतो आणि टेंभुर्णी बिड्यांना पानं पुरवते. दुसऱ्या एका उपायात ताक, कांजी, मद्य, कुळीथ आणि बोरं एकत्र करून सात रात्री मुरवायची आणि ते मिश्रण तापलेल्या खडकावर ओतायचं असं आहे. यातलं मद्य बाजूला ठेवलं (किंवा घराण्याच्या रीतीप्रमाणे नाही ठेवलं) तर उरलेलं बहुतेक आपल्या ओट्यावर आठवड्यातून दोनदा सांडतंच: ताक, आंबवणी आणि कुळथाचं पिठलं. म्हणजे आचार्यांनी शिला फोडण्यासाठी जी सामग्री सांगितली, ती आपण शिलेच्या डोक्यावर रोज शिजवत असतो, आणि शिला आहे तशीच आहे. चौदाशे वर्षांच्या अंतराने घेतलेली ही चाचणी ओट्याने उत्तम गुणांनी पार केली, असं म्हणायला हरकत नाही.

मग बॉस्टनच्या भिंती, खाणीतले थर आणि वराहमिहिराची शिला यांच्यात असं काय होतं, जे आपल्या कुकरात नाही? एक तर जाळ फार मोठा होता. पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: तिथे दगडाचा एक भाग भयंकर तापला होता आणि त्याला खेटून असलेला दुसरा भाग गार होता, किंवा गार केला जात होता. तीन मीटरचा ग्रॅनाइटचा ओटा सगळाच्या सगळा, सारखा, शंभर अंशांनी तापवला तर तो साधारण अडीच मिलिमीटर लांबेल. त्याला लांबायला जागा असली की तक्रार संपली. भांडण लागतं ते मधलाच भाग तापला की. तो फुगायला बघतो, आजूबाजूचा गार दगड त्याला फुगू देत नाही. मधल्यावर दाब येतो आणि भोवतालच्यावर ताण. आता ग्रॅनाइट दाबाच्या बाबतीत पैलवान आहे, पण ताण सोसायची त्याची ताकद त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच. म्हणून तडा तापलेल्या जागी न पडता बहुधा काठावर पडतो, जिथे कोणी काही ठेवलेलंच नसतं, आणि घरात अर्धा दिवस ‘मी तिथे ठेवलंच नव्हतं’ हा वाद चालतो. दोघेही खरं बोलत असतात. तापलेल्या दगडावर गार पाणी पडलं की प्रकार उलटा होतो: वरचा थर आक्रसू बघतो, आतला गरम दगड त्याला आक्रसू देत नाही, आणि ताण थेट वरच्या थरावरच येतो. बॉस्टनमध्ये बंबाचं पाणी होतं, विहिरीत चुन्याचं. तेव्हा ग्रॅनाइटला उष्णतेचं भय नाही, भय आहे ते तफावतीचं. माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल एवढाच आहे, आणि फडक्याचं खरं स्थान याच निकालावरून ठरतं.

कारण फडक्याच्या दोन अवस्था असतात. कोरडं असताना ते कुकरखाली जातं आणि दगडावर उपकार केल्याचा आव आणतं. त्या वेळी ते बऱ्याच अंशी निरुपयोगी असतं. मग कुकर उचलला जातो, खाली आमटीचं वर्तुळ दिसतं, तेच फडकं नळाखाली धरलं जातं आणि गरम ओट्यावरून सर्रकन फिरतं. आता ते ओलं आणि गार आहे. संपूर्ण स्वयंपाकघरात दगडाच्या विरुद्ध काही करू शकेल अशी हीच एक वस्तू. स्वयंपाकघरातलं तापमान बेताचं असल्यामुळे प्रत्यक्षात काही घडत नाही, हे आपलं नशीब. पण संशयितांची यादी करायची झाली तर कुकरच्या आधी फडक्याचं नाव घ्यावं लागेल.

तफावतीचा हा न्याय परसात गेल्यावर आणखी स्पष्ट होतो. नेरडीगोंड्याच्या बाजूची खेडी घ्या किंवा किनवटची. आत गॅसची शेगडी आणि ग्रॅनाइटचा ओटा झाला, तरी ज्वारीच्या भाकरी, लग्नाचा भात आणि आंघोळीचं पाणी यांसाठी परसातली तीन दगडांची चूल अनेक घरांनी मोडलेली नाही. त्या तीन दगडांना कोणी पॉलिश केलेलं नाही, त्यांची पावती नाही, आणि लाकडाचा सहाशे-सातशे अंशांचा जाळ ते तोंडावर घेतात. पण त्यांची निवड डोळे मिटून होत नाही. जाणती बाई ओढ्यातला ओला गोटा चुलीला लावत नाही. त्याच्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि गोटा फुटून कपच्या उडतात. रानातला कोरडा दगड घ्यायचा, पहिल्या दिवशी मंद जाळ द्यायचा, पेटत्या चुलीवर पाणी ओतायचं नाही. शास्त्राच्या पुस्तकात औष्णिक आघातावर जे लिहिलं असतं, ते यात सगळं आलं. गंमत अशी, की हीच बाई आत आली की ग्रॅनाइटखाली (चुकलो, कुकरखाली) फडकं घालते. आतल्या दगडाला भाव मोजावा लागला होता ना! दगडाची उष्णता सोसण्याची ताकद त्याच्या किमतीच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम भौतिकशास्त्रात नाही, पण संसारात आहे.

दुसरी हरकत अनुभवी लोकांची. ‘तुमचं गणित राहू द्या, आमचा ओटा तडकला त्याचं काय?’ ओटे तडकतात, हे खरंच आहे. पण चौकशी नीट केली तर कुकरची बहुतेक वेळा निर्दोष सुटका होते. शेगडीसाठी आणि सिंकसाठी दगडात चौकोन कापतात, आणि त्या चौकोनापुढे काठाशी चार बोटांची पट्टी उरते. तीन मीटरचा दगड ट्रकमधून येतो, तीन माणसं जिन्यावरून तिरका करून वर चढवतात, तेव्हा सगळा भार त्या पट्टीवर येतो. एक केसाएवढी चीर तिथेच पडते. मिस्त्री ती पाहतो, पुट्टी भरतो, वरून मेण घासतो आणि हिशेब घेऊन जातो. कधी ओट्याखालचा आधारच एकसारखा नसतो. एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला पोकळी. मग सहा महिन्यांनी कोणीतरी कढई ठेवतं, नेमकी तेव्हा चीर दिसते, आणि पुढची दहा वर्षं त्या घरात तिला ‘कढईची चीर’ म्हणतात. कढईचा दोष एवढाच, की ती घटनास्थळी हजर होती. जिथे दोन तुकडे चिकटवून जोड दिलेला असतो तिथली गोष्ट मात्र वेगळी. तिथला चिकट पदार्थ दगड नाही, त्याला तव्याची धग मानवत नाही. फडकं घालायचंच असेल तर ते जोडावर घालावं. पण जोड झाकला जाईल अशा जागी फडकं सहसा नसतंच. ते समोर, पाहुण्यांना दिसेल असं असतं.

तिसरी हरकत भूशास्त्रज्ञांची असते, आणि ते ती चहा पिता पिता काढतात: ‘तुमचा काळा ग्रॅनाइट हा ग्रॅनाइटच नव्हे.’ बरोबर आहे. आंध्रातल्या चिमकुर्तीचा चांदण्यांचा ‘ब्लॅक गॅलक्सी’ शास्त्राच्या दृष्टीने गॅब्रो जातीचा आणि बाजारातले बरेच काळे दगड डोलेराइट. पण या खुलाशाने यजमानांचा चेहरा पडायचं कारण नाही. या दगडांत क्वार्ट्झ जवळजवळ नसतं, म्हणजे ५७३ अंशांची ती भानगडही त्यांच्या मागे नाही. जातीचा दाखला खोटा निघाला, पण गुण मूळ जातीपेक्षा बरे निघाले. असे प्रसंग क्वचित येतात, आले की गप्प बसावं.

खरी काळजी करायची असेल तर ती सध्या ‘क्वार्ट्झ’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पांढऱ्याशुभ्र ओट्यांची करावी. विक्रेता सांगतो की हा दगडापेक्षा भारी, कारण यात नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झ आहे. हे खरं आहे. तो उरलेल्या टक्क्यांबद्दल बोलत नाही, आणि सगळी कथा त्या उरलेल्यात आहे. क्वार्ट्झचा चुरा प्लास्टिकच्या जातीच्या रेझिनने एकत्र बांधलेला असतो; क्वार्ट्झ वितळायला १७०० अंशांच्या आसपास लागतात, रेझिन दीडशेच्या सुमारालाच कुरकुरायला लागतं. कुकर कसाबसा निभावतो, तवा ठेवला की गोल डाग, आणि तो डाग पॉलिशने जात नाही. ज्या ओट्याला फडक्याची खरोखर गरज आहे तो हा. आणि नेमक्या याच ओट्यावर, ‘फॉरेनचा आहे, काही होत नाही’ म्हणून, फडकं घातलं जात नाही. (हा दगड कोरडा कापताना उडणारी धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस होतो; ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून त्याच्या ओट्यांवर बंदी घातली ती त्यासाठी. ग्रॅनाइटच्या धुळीतही तेच क्वार्ट्झ असतं, प्रमाण कमी. यात विनोदाचं काही नाही.)

फडक्याच्या बाजूने शेवटचा एक मुद्दा उरतो, आणि तो मी प्रामाणिकपणे मान्य करतो. तापलेला दगड गार दगडाहून वेगळा दिसत नाही. लोखंड लाल होतं, दूध वर येतं, तेल धुरतं. ग्रॅनाइट ७५ अंशांना पूर्वीइतकाच निर्विकार चकाकत असतो, आणि उष्णता बराच वेळ धरून ठेवतो. मग कोणीतरी बोलता बोलता त्याच्यावर तळहात टेकतं. फडकं खाली असलं तर हे टळतं. तेव्हा फडकं घालावं, जरूर घालावं, पण दगडासाठी घातलं असं सांगू नये; आणि घालायचं ते कोरडं, कारण ओल्या फडक्यातून वाफ थेट बोटांना लागते. दगडासाठी काही करायचंच असेल तर ते ओटा बसवायच्या आधी करता येतं. मिस्त्री शेगडीचा चौकोन कापायला बसेल तेव्हा त्याला सांगा, की आतले कोपरे काटकोनात कापू नको, भोक पाडून गोलाईत घे. ताण काटकोनाच्या टोकाशी गोळा होतो आणि चीर तिथूनच निघते. तो म्हणेल, ‘काही होत नाही साहेब, सगळीकडे असंच कापतो.’ त्याचं ऐकू नका. पाच मिनिटं जास्त लागतील, ती लागू द्या.